शॅमेलिऑनच्या पिल्लाला सर्दी झाली म्हणायचं का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आठवीतल्या लेकाच्या हट्टापायी चार महिन्यांचं ‘व्हेल्ड शॅमेलिऑन’ घरी आलंय. कुणी म्हणतं, काचेच्या पेटीत त्याला न्यूमोनिया होईल. कुणी म्हणतं, जाळीच्या पिंजऱ्यात ते गारठेल. त्याच्या नाकपुड्यांशी पांढरं काहीतरी जमतं आणि मधूनच ते तोंड उघडं ठेवून बसतं. ही सर्दी समजायची का? शिवाय पुढच्या वर्षी आम्ही नागपूरला परतणार आहोत. त्याला बरोबर आणता येईल ना?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : नाकाशी जमणारं पांढरं कोरडं आणि भुकटीसारखं असेल, तर ते मीठ आहे. या जातीचे सरडे शरीरातले जास्तीचे क्षार नाकावाटे टाकतात. चिकट, ओलं किंवा बुडबुड्यांचं काही दिसलं तर मात्र गोष्ट वेगळी.

तोंड उघडण्याचंही तसंच. दिव्याखाली बसून ‘आ’ वासला असेल तर त्याला उकडतंय. घाम येत नसल्याने ते अशी उष्णता बाहेर टाकतं. दिवा थोडा वर घ्या. पण दिव्यापासून लांब, गारव्यात तोंड उघडं, मान ताणून नाकाड वर केलेलं, श्वासाबरोबर टिकटिक किंवा शिट्टीसारखा आवाज, दिवसाढवळ्या मिटलेले डोळे, यांतलं काहीही दिसलं तर श्वसनमार्गात संसर्ग झाला आहे असं धरून चाला.

त्याला ‘सर्दी’ म्हणून सोडून देऊ नका. सरड्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. बरगड्यांच्या स्नायूंवर श्वास चालतो आणि आपल्यासारखं खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. त्याचा पूही आपल्यासारखा पातळ नसतो, पनीरासारखा घट्ट होतो. त्यात हा प्राणी आजार लपवणारा. लक्षण आपल्या नजरेला पडतं तेव्हा दुखणं बहुधा जुनं झालेलं असतं.

आता काच की जाळी? माझ्या मते हा वादच चुकीच्या जागी चाललाय. हे सरडे मूळचे येमेन आणि नैऋत्य सौदी अरेबियातले. तिथे दिवस कोरडा, उन्हाचा आणि वाऱ्याचा. रात्र गार, दवाची. ओलाव्याचं त्यांना वावडं नाही. घात करते ती कोंदट हवा : उबदार, दमट आणि हलतच नाही अशी. फक्त झाकणालाच जाळी असलेल्या काचेच्या पेटीत तळाशी नेमकी तीच साचते आणि जिवाणू, बुरशी फोफावतात. पुढच्या बाजूला खाली झरोका आणि वर पूर्ण जाळी असेल, तर गरम हवा वर जाते, खालून ताजी आत येते. अशी काचेची पेटी चालते. उलट तुमच्याकडच्या हिवाळ्यात हीटरने हवा इतकी कोरडी होते की चारी बाजूंनी जाळी असलेल्या पिंजऱ्यात ओल टिकतच नाही. मग पिंजऱ्याच्या दोन-तीन बाजू प्लॅस्टिकने झाका, समोरची आणि वरची मोकळी ठेवा.

पिल्लाला सुमारे 40 बाय 40 बाय 75 सेंटीमीटरचा पिंजरा पुरतो, मोठेपणी 60 बाय 60 बाय 120 चा लागेल. दिव्याखालच्या फांदीवर 27 ते 29 अंश सेल्सिअस, रात्री दिवे बंद आणि 18 ते 20 अंश. फवारा पहाटे दिवे लागण्याआधी आणि रात्री दिवे गेल्यावर मारा. मधल्या काळात पानं पूर्ण सुकली पाहिजेत. ते वाटीतलं पाणी सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतं. म्हणून काळजीपोटी सिरिंजने तोंडात पाणी पिळू नका. ते श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनियाला आपणच निमंत्रण दिलं.

आहाराचाही फुप्फुसांशी संबंध आहे. अ जीवनसत्त्व कमी पडलं की श्वासमार्गाचं अस्तर बिघडतं आणि संसर्गाला वाट मिळते. मात्र हे जीवनसत्त्व जास्त झालं तरी अपाय होतो, म्हणून मात्रा पशुवैद्याला विचारूनच ठरवा. रातकिडे त्याला खायला घालण्याआधी त्यांना गाजर, पालेभाज्या चारा.

आणि हो, ओव्याची धुरी, विक्सची वाफ, घरात उरलेल्या अँटिबायोटिकचा चतकोर तुकडा, हे आपले हुकमी इलाज कृपा करून बाजूला ठेवा. धूपही त्या खोलीत नको. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या, जाताना श्वासाच्या आवाजाचा व्हिडिओ आणि पिंजऱ्याचे फोटो दाखवा. ते एक्स-रे काढतील, स्राव तपासून कोणतं औषध लागू पडेल ते पाहतील. उपचार बरेचदा काही आठवडे चालतात. त्या काळात पिल्लू दिवसा नीट उबेत हवं, कारण अंग गार राहिलं तर त्याची प्रतिकारशक्तीही मंदावते. पिल्लू तरतरीत दिसू लागलं म्हणून मध्येच औषध थांबवू नका.

नागपूरचं मात्र अवघड आहे. ही जात ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येते. तिकडून निर्यातीचा परवाना, इथे आयातीचा आणि शिवाय सरकारकडे नोंदणी, एवढं सगळं लागतं. सामानाबरोबर उचलून आणण्यातला हा प्रकार नाही. त्याला तिथेच चांगलं घर शोधून द्यावं असं मला वाटतं. आणि इकडे आल्यावर लेकाला झुडपात आपला सरडगुहिरा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, दिसला, तरी तो घरी आणायचा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि तो पाळणं हा गुन्हा आहे.