हसरी फुले

जपानमधील आजचे काही चित्रकार भडक रंगांची, गमतीदार चित्रे काढतात. ती पाहताच नव्या जमान्याची वाटतात. त्या चित्रांची मुळे कोठे आहेत, ते या पाठात सांगितले आहे.

मुलांनो, एक चित्र डोळ्यांसमोर आणा. भिंतभर फुले आहेत. लाल, पिवळी, निळी, गुलाबी. प्रत्येक फुलाला गोल पाकळ्या आणि मधोमध एक चेहरा. दोन डोळे, उघडे तोंड. सगळी फुले हसत आहेत.

हे चित्र मी पहिल्यांदा वर्गात दाखवले, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे तर दप्तरावरचे चित्र आहे!" सारा वर्ग हसला. त्या मुलाचे काही चुकले नव्हते. या फुलांच्या चित्रकाराने २००३ साली पॅरिसच्या एका प्रसिद्ध कंपनीच्या पिशव्याही रंगवल्या आहेत. पण हाच चित्रकार जुन्या जपानी चित्रकलेत डॉक्टरेट मिळवलेला आहे, असे मी सांगितले, तेव्हा तोच मुलगा म्हणाला, "सर, मग इतकी वर्षे शिकून कार्टूनच काढायचे होते का?"

प्रश्न चांगला होता. मला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. पुढे मी या विषयावर वाचत गेलो. जे वाचले, ते तुम्हांला सांगतो.

या चित्रकाराचे नाव ताकाशी मुराकामी. त्यांचा जन्म १९६२ साली टोकियो शहरात झाला. वडील टॅक्सी चालवत. मुराकामींना लहानपणापासून कार्टून चित्रपटांचे वेड होते. आपणही तसेच काम करावे, असे त्यांना वाटे. पण टोकियोच्या कलाविद्यापीठात त्यांनी विषय घेतला निहोंगा.

निहोंगा म्हणजे जपानी चित्र. हा शब्द तसा फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील तैलचित्रांची रीत जपानमध्ये पसरली. तेव्हा आपल्या चित्रांना काही वेगळे नाव हवे, अशी गरज पडली. चित्र काढण्याची रीत मात्र शेकडो वर्षांची आहे. या रीतीत रंग बाटलीतून पिळून काढत नाहीत. रंगीत दगड कुटून त्यांची पूड करतात. निळ्या दगडाचा निळा रंग, हिरव्या दगडाचा हिरवा. गंमत अशी, की एकाच दगडाची भरड पूड गडद दिसते आणि बारीक पूड फिकी दिसते. म्हणजे एका दगडातून कितीतरी छटा मिळतात. पांढरा रंग शिंपल्यांच्या पुडीचा. ही पूड कागदाला धरून राहावी म्हणून ती जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या सरसात कालवावी लागते. सरस जास्त झाला तर रंगाला तडे जातात, कमी झाला तर रंग झडतो. हे प्रमाण पुस्तकातून कळत नाही, हाताला कळावे लागते. मग रेशमावर किंवा हातकागदावर एकावर एक थर द्यायचे. कोठे कोठे सोन्याचा वर्ख लावायचा.

हे वाचताना तुम्हांला आपल्याकडची मोगल लघुचित्रे आठवली असतील. तेथेही दगडांचे रंग आहेत, सोने आहे, उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे शिकणे आहे. आणखी एक साम्य आहे. दोन्ही चित्रांत माणसाची सावली सहसा जमिनीवर पडत नाही. अकबराच्या दरबाराचे चित्र पाहा. आपण जणू वरून पाहतो आहोत, असा महाल दिसतो. पण माणसे समोरून दिसतात. युरोपातील चित्रकार चित्राला खिडकी समजला. खिडकीतून दूरचे लहान दिसते, जवळचे मोठे दिसते. जपानी चित्रकाराने चित्राला खिडकी मानले नाही. नजर चित्राच्या आत जात नाही. ती पृष्ठभागावरून सरकत राहते. हे लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मुराकामींनी हे सारे मन लावून शिकून घेतले. १९९३ साली त्यांना निहोंगा या विषयात डॉक्टरेट मिळाली. त्या काळात ते एका शिकवणी वर्गात मुलांना फुले काढायलाही शिकवत. एक दिवसाआड बाजारातून ताजी फुले आणायची आणि मुलांसमोर ठेवायची. असे नऊ वर्षे चालले. शिक्षकाच्या कामातून असेही काही निघते, हे वाचून मला बरे वाटले! तीच फुले पुढे हसू लागली.

पण शिक्षण संपेपर्यंत त्यांचे मन निहोंगापासून दूर गेले होते. ते जग त्यांना बंद खोलीसारखे वाटू लागले. बाहेरचा जपान तर कॉमिक्स, कार्टून आणि खेळण्यांनी भरलेला होता. मग ही दोन जगे अगदी वेगळी आहेत का? मुराकामी विचार करू लागले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की कार्टूनमध्येही सावली थोडी, रेघ ठळक, रंग सपाट. तेथेही नजर पृष्ठभागावरून सरकते. म्हणजे जुना चित्रकार आणि कार्टून काढणारा एकाच घराण्यातले! २००० साली त्यांनी हा विचार एका प्रदर्शनातून मांडला आणि त्याला 'सुपरफ्लॅट' असे नाव दिले. सुपरफ्लॅट म्हणजे अतिशय सपाट.

त्यांच्याआधी हे नाते एका अभ्यासकाने वेगळ्या रीतीने दाखवले होते. नोबुओ त्सुजी हे कलेच्या इतिहासाचे प्राध्यापक. १९७० साली त्यांचे एक पुस्तक निघाले. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतील सहा चित्रकारांबद्दल ते होते. हे सहाही जण विक्षिप्त समजले जात. त्यांतील एकाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला जमणार नाही.

इतो जाकुचू यांचा जन्म १७१६ साली क्योतो शहरात झाला. घरचा धंदा भाजीपाल्याच्या घाऊक विक्रीचा. वडील वारल्यावर दुकान त्यांच्याकडे आले. त्यांचे लक्ष मात्र चित्रांत. चाळिसाव्या वर्षी त्यांनी दुकान धाकट्या भावाच्या हवाली केले आणि दिवसभर चित्रे काढू लागले. त्यांनी अंगणात कोंबड्या पाळल्या होत्या. त्यांच्याकडे बघत बसायचे आणि काढायचे. कोंबड्याचा तुरा, पंखांवरचे ठिपके, पायांवरचे खवले, सारे इतके बारीक, की डोळे थकतात. सुमारे दहा वर्षे खपून त्यांनी पक्षी, मासे, किडे आणि फुले यांची रेशमावर तीस चित्रे काढली आणि ती एका बौद्ध मंदिराला भेट दिली.

याच जाकुचूंचे शाईने काढलेले एक चित्र आहे. त्यात एक मोठा मुळा पालथ्या टोपलीवर आडवा पडला आहे. भोवती भोपळे, वांगी, कंदमुळे जमली आहेत. प्रथम पाहणाऱ्याला हसू येते. पण गौतम बुद्धांच्या अखेरच्या क्षणाची जी चित्रे जपानमध्ये काढत, त्यांची मांडणी अगदी अशीच असते. मधोमध आडवे झालेले बुद्ध आणि भोवती शोक करणारे शिष्य. मग ही थट्टा आहे की श्रद्धा? भाजी विकणाऱ्या घरातल्या माणसाने आपले दुःख भाज्यांच्या तोंडून सांगितले, असे मला वाटते. गमतीचे चित्र म्हणजे हलके चित्र, असे आपण समजतो. तेथेच आपली चूक होते.

अशी गंमत आणि जुनी रीत यांची सांगड घालणारे मुराकामी एकटे नाहीत. १९६९ साली जन्मलेले आकिरा यामागुची हेही त्याच विद्यापीठात शिकले. त्यांचा विषय मात्र तैलचित्रांचा. २००४ साली त्यांनी टोकियोच्या मित्सुकोशी या मोठ्या दुकानाचे चित्र काढले. आपण आकाशातून पाहतो आहोत असे शहर, मध्ये जुन्या पटांवर असतात तसे ढग आणि दुकानाचे मजले उघडे. आत किमोनो घातलेले लोक आणि सूट घातलेले लोक बरोबरच फिरत आहेत. त्यांच्या दुसऱ्या चित्रांत अर्धा घोडा आणि अर्धी मोटारसायकल असे वाहनही दिसते. ती चित्रे शेजारी भिंग ठेवून पाहावीत, अशीच आहेत.

आता पुन्हा त्सुजी सरांकडे वळू. २००९ साली एका कलामासिकात त्यांनी आणि मुराकामींनी एक खेळ सुरू केला. त्सुजींनी एखाद्या जुन्या चित्राबद्दल लिहायचे आणि मुराकामींनी त्याला चित्राने उत्तर द्यायचे. मुराकामींच्या कारखान्यात तेव्हा खूप मदतनीस काम करत. त्यामुळे त्सुजींनी एकदा त्यांना टोचले, "कधी तरी स्वतःच्या हाताने काढा की!" त्सुजी तेव्हा सत्तरी ओलांडलेले आणि मुराकामी जगप्रसिद्ध. पण गुरूचा शब्द तो गुरूचा शब्द. १७६३ साली सोगा शोहाकू नावाच्या चित्रकाराने ढगांतला एक प्रचंड ड्रॅगन काढला होता. त्याला उत्तर म्हणून मुराकामींनी २०१० साली १८ मीटर लांबीचा लाल ड्रॅगन स्वतः रंगवला. सुमारे एका दिवसात! ज्या रीतीचा कंटाळा आला होता, ती हातातून गेलेली नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांतच ११ मार्च २०११ हा दिवस आला. ईशान्य जपानमध्ये मोठा भूकंप झाला. समुद्र किनाऱ्यावर चढून आला. गावेच्या गावे वाहून गेली. अठरा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. अशा वेळी हसरी फुले काढणाऱ्या माणसाने काय करावे?

मुराकामींनी जुन्या चित्रांकडे पाहिले. बुद्धांच्या ज्ञानी शिष्यांना अर्हत म्हणतात. पाचशे अर्हतांची चित्रे काढण्याची जपानमध्ये परंपरा आहे. संकटात ते लोकांच्या मदतीला येतात, असा तेथे समज आहे. १७९८ साली नागासावा रोसेत्सू यांनी हे पाचशे अर्हत सुमारे तीन सेंटिमीटरच्या चौकोनात बसवले होते. म्हणजे तुमच्या अंगठ्याखाली झाकला जाईल एवढा कागद! पुढे कानो काझुनोबू यांनी टोकियोतील एका मंदिरासाठी हाच विषय शंभर पटांवर घेतला. तेव्हा टोकियोला एदो म्हणत. काम चालू असतानाच, १८५५ साली, एदो शहराला भूकंपाने हादरवले. त्यांच्या पटांत आग, पूर, भूकंप यांत सापडलेले लोक आहेत. १८६३ साली काझुनोबू वारले, तेव्हा थोडे पट राहिले होते. ते त्यांच्या पत्नीने आणि शिष्याने पुरे केले.

मुराकामींनी हे सारे अभ्यासले आणि शंभर मीटर लांब, तीन मीटर उंच असे चित्र हाती घेतले. एकट्याचे हे काम नव्हते. जपानभरच्या कलाशाळांतून दोनशेहून अधिक विद्यार्थी मदतीला आले. काही जुन्या नमुन्यांचा शोध घेत, काही रेघा उतरवत, काही रंग भरत. जुन्या काळी उस्ताद आणि शागीर्द मिळून काम करत, तसेच हे झाले.

चित्र २०१२ साली पुरे झाले. ते पहिल्यांदा दाखवले गेले ते जपानमध्ये नव्हे, तर अरबस्तानातील कतार देशाच्या दोहा शहरात. भूकंपानंतर जपानच्या मदतीला जे देश लगेच धावले, त्यांत कतार होता. त्याचे आभार मानण्याची ही रीत होती. जपानमधील लोकांना हे चित्र २०१५ साली, टोकियोच्या मोरी कलासंग्रहालयात पाहायला मिळाले.

या चित्रात काही अर्हत भिंतीएवढे उंच आहेत, काही अगदी लहान. कोणाच्या भुवया लोंबत आहेत, कोणाचे दात पडले आहेत. चेहरे सुरकुतलेले, काही तर कार्टूनसारखे विचित्र. त्यांच्या वस्त्रांवर आणि आकाशात हजारो रंगीत ठिपके. रंग तेच, हसऱ्या फुलांचे. वर्गातल्या त्या मुलाला आता मी हेच चित्र दाखवतो. पुस्तकाच्या पानावर त्याचा एक तुकडाच मावतो. मूळ चित्र एका नजरेत मावत नाही. भिंतीच्या कडेने चालत, थोडे थोडे करून ते पाहावे लागते. जुनी चित्रांची गुंडाळी थोडी थोडी उलगडून पाहत असत, तसे.

शब्दार्थ
वर्ख – सोन्याचा किंवा चांदीचा अतिशय पातळ पत्रा. सरस – चिकटवण्याचा पदार्थ. छटा – एकाच रंगाचे कमीअधिक गडद प्रकार. विक्षिप्त – इतरांहून वेगळे वागणारा. पट – चित्र काढलेले लांब कापड किंवा कागद. बेपत्ता – ज्याचा ठावठिकाणा लागत नाही असा.

स्वाध्याय
१. एकाच दगडापासून रंगाच्या निरनिराळ्या छटा कशा मिळतात?
२. मुळ्याच्या चित्राला लेखक केवळ थट्टा का मानत नाही?
३. पाचशे अर्हतांचे चित्र प्रथम दोहा येथे का दाखवले गेले?
४. "इतकी वर्षे शिकून कार्टूनच काढायचे होते का?" या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर द्याल? आठ-दहा ओळी लिहा.
५. वाक्यात उपयोग करा : मन उडणे, हाती घेणे, हवाली करणे, ध्यानात येणे.
६. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या वस्तूवरची नक्षी पाहा. तिच्यातील एक आकार घेऊन तुमच्या मनाप्रमाणे रंगवा.