पेटीतील हवेचे काम
मोटारीसाठी सबवूफरची बंद पेटी : रचना, बांधणी आणि शेवटचा हात

ध्वनिवर्धकाचा शंकू पुढे सरकतो तेव्हा त्याच्या पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे एकाच शंकूतून दोन ध्वनी निघतात आणि ते परस्परांच्या उलट असतात. उंच पट्टीच्या स्वरांच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही. कारण त्यांची तरंगलांबी लहान असते आणि ते शंकूच्या समोर सरळ जातात. खर्जाचे तसे नाही. सेकंदाला ४० कंपने असलेल्या स्वराची हवेतील तरंगलांबी सुमारे ८.६ मीटर असते. एवढा लांब तरंग एक फूट व्यासाच्या शंकूला सहज वळसा घालतो. मागचा विरळ झोत पुढच्या दाबाला येऊन मिळतो आणि दोन्ही एकमेकांना खोडून टाकतात. म्हणूनच चांगला मोठा ध्वनिवर्धक नुसता टेबलावर ठेवून वाजविला, तर ढोलाचा ठोका कोरडा, टकटकल्यासारखा ऐकू येतो. त्यातील घुमारा नाहीसा होतो.

मागचा ध्वनी अडवून ठेवणे हे पेटीचे पहिले काम होय. पण तिचे दुसरेही एक काम आहे. ते डोळ्यांना दिसत नाही आणि म्हणूनच घरी पेटी बांधणाऱ्याकडून त्याची हेळसांड होते. पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. शंकू आत गेला की ती त्याला बाहेर ढकलते. बाहेर आला की आत ओढते. ही स्प्रिंग किती ताठ असावी हे पेटीच्या घनफळावर अवलंबून असते, आणि ती टिकून राहील की नाही हे सांध्यांवर. बाहेरचे कापड, रंग वा चकाकी यांचा या दोहोंशी काही संबंध नाही. पेटीचे सगळे शास्त्र या एका गोष्टीभोवती फिरते.

थोडा इतिहास

तारेचे वेटोळे चुंबकीय क्षेत्रात हलवून शंकूला गती देणारा ध्वनिवर्धक १९२५ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी मांडला. आजचे बहुतेक ध्वनिवर्धक त्याच तत्त्वावर चालतात. पुढे बराच काळ खर्ज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी हवी, अशी समजूत होती. १९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी तिला छेद दिला. त्यांनी शंकूची स्वतःची स्प्रिंग मुद्दाम सैल ठेवली, तो लहान व घट्ट बंद पेटीत बसविला आणि परत आणण्याचे काम आतील हवेवर सोपविले. कापडाच्या किंवा कागदाच्या स्प्रिंगपेक्षा हवेची स्प्रिंग अधिक नियमित असल्याने खर्जातील विकृतीही कमी झाली.

व्हिल्चर यांची पेटी प्रयोगाने सिद्ध झालेली होती. कोणत्या ध्वनिवर्धकाला किती मोठी पेटी लागेल याचे गणित सर्वांच्या हाती येण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि त्यांच्या पाठोपाठ रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या प्रारंभी हे गणित मांडले. आज कोणत्याही सबवूफरसोबत मिळणाऱ्या माहितीपत्रकातील आकडे या दोघांच्या नावाने ओळखले जातात.

पेटीचे गणित

या आकड्यांपैकी तीन बंद पेटीसाठी पुरेसे आहेत. पहिला, एफ-एस : मोकळ्या हवेत शंकू ज्या वारंवारतेला सर्वाधिक डोलतो ती. दुसरा, क्यू-टी-एस : हे डोलणे किती लवकर शमते याचा निर्देशांक. तिसरा, व्ही-ए-एस : शंकूच्या स्वतःच्या स्प्रिंगएवढीच ताठ असणारी हवा किती लिटर, हे सांगणारे घनफळ.

पेटीत बसविल्यावर पहिले दोन आकडे एकाच प्रमाणात वाढतात. हे प्रमाण काढण्यासाठी व्ही-ए-एसला पेटीच्या घनफळाने भागावे, त्यात एक मिळवावा आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ घ्यावे. पेटीसह येणारा क्यू ०.७ च्या आसपास असला, तर खर्ज सपाट व स्वच्छ राहतो. तो १ च्या पुढे गेला, तर एकच एक स्वर घुमत राहतो. मोटारीच्या भाषेत सांगायचे तर, धक्के शोषून घेणारा दट्ट्या निकामी झाल्यावर गाडी जशी डोलत राहते तसे हे होय.

उदाहरणादाखल बारा इंची सबवूफर घेऊ. त्याचा एफ-एस २८ हर्ट्झ, क्यू-टी-एस ०.४ आणि व्ही-ए-एस ६० लिटर आहे. अपेक्षित ०.७०७ ला ०.४ ने भागून वर्ग केला असता ३.१२ येतात. त्यातून एक वजा केल्यास २.१२ उरतात. ६० ला २.१२ ने भागले की पेटीचे निव्वळ घनफळ मिळते : सुमारे २८ लिटर. या पेटीत सबवूफरची अनुनाद वारंवारता २८ वरून सुमारे ५० हर्ट्झवर जाईल.

पन्नास हर्ट्झच्या खाली बंद पेटीचा आवाज उतरत जातो. दर सप्तकाला ही उतरण १२ डेसिबल असते. दिवाणखान्यात ही उणीव जाणवली असती. मोटारीत मात्र उलट घडते. गाडीच्या आतील सर्वांत लांब अंतर ३ मीटर धरले, तर ५७ हर्ट्झच्या खालच्या तरंगाचा अर्धा भागही आत मावत नाही. मग तरंग पुढे सरकण्याऐवजी संपूर्ण खोलीतील हवेचा दाब एकदमच वरखाली होतो आणि स्वर जितका खालचा तितकी ही वाढ मोठी असते. दारांच्या फटी व पत्र्याची लवचीकता यांमुळे सैद्धांतिक वाढ पूर्णपणे मिळत नाही. तरी पेटीची उतरण बरीच भरून निघते. लहान बंद पेटी मोटारीला मानवते ती यामुळे.

लाकूड आणि मापे

२८ लिटर हे निव्वळ घनफळ झाले. सबवूफरचे चुंबक व सांगाडा सुमारे २.७ लिटर आणि आतील आधारपट्ट्या १.४ लिटर जागा व्यापतात असे धरल्यास, पेटीची आतील मापे ४० × ३६ × २२.५ सेंटिमीटर ठेवावीत. गुणाकार ३२.४ लिटर येतो, वजाबाकीनंतर २८.३ उरतात. एखाद्या लिटरचा फरक कानाला कळत नाही. पण आधारपट्ट्या व चुंबक हिशेबात धरलेच नाहीत, तर चूक चार लिटरांची होते.

फळी १८ मिलिमीटर जाडीची असावी. या जाडीचा हट्ट का, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. बारा इंची शंकूचे परिणामी क्षेत्रफळ सुमारे ४८० चौरस सेंटिमीटर असते. तो ८ मिलिमीटर आत गेला, तर २८ लिटर हवेत ०.३८ लिटरची घट होते आणि आतील दाब जवळजवळ दोन टक्क्यांनी वाढतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु ४० × ३६ सेंटिमीटरच्या मागील फळीवर त्यामुळे सुमारे २८ किलो वजनाइतका जोर पडतो. तो सेकंदाला चाळीस वेळा आत-बाहेर पडतो. पातळ फळी अशा वेळी स्वतःच ध्वनिवर्धक बनते आणि गुरगुरू लागते. म्हणून जाड फळी घ्यावी आणि मागील व पुढील फळ्यांना सांधणारी एक आधारपट्टी मध्यभागाच्या किंचित बाजूला, चुंबकाला न अडणाऱ्या ठिकाणी बसवावी.

एमडीएफ ही दाबून बनविलेली फळी जड, सारख्या पोताची आणि कापायला सोपी असते. पाणी हा तिचा शत्रू आहे. कोकणासारख्या दमट हवेत तिच्या उघड्या कडा फुगतात. अशा प्रदेशात आय.एस. ७१० या भारतीय मानकाचे मरीन प्लायवुड अधिक टिकाऊ ठरते.

पुढील व मागील फळ्या ४३.६ × ३९.६, वरची व खालची ४३.६ × २२.५ आणि दोन्ही कुशी ३६ × २२.५ सेंटिमीटर अशा सहा फळ्या लागतील. फळी विकणाऱ्याकडील यंत्रावरच त्या कापून घेणे हिताचे. हातकरवतीने शंभर टक्के सरळ कड निघणे कठीण असते. लाकडाची भुकटी श्वासात जाणे घातक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिची गणना मानवाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. कापताना व घासताना नाकातोंडावर योग्य मुखपट्टी असावी आणि काम उघड्यावर करावे.

जोडणी

सबवूफरचे भोक जोडणीपूर्वीच कापावे. त्याचे माप माहितीपत्रकात दिलेले असते. अंदाजाने काढू नये. कंपासने वर्तुळ आखून कडेच्या आत गिरमिटाने एक भोक पाडावे आणि तेथून जिगसॉ करवत चालवावी.

फळ्या प्रथम गोंदाशिवाय जुळवून पाहाव्यात. कोपऱ्यांना गुण्या लावून काटकोन तपासावा. मग पांढरा लाकडी गोंद कडेवर सलग लावून फळ्या दाबून धराव्यात आणि दर दहा सेंटिमीटरला एक स्क्रू बसवावा. एमडीएफच्या कडेत स्क्रू थेट घातल्यास ती चिरते. म्हणून आधी बारीक भोक पाडून घेणे आवश्यक आहे. सांधा घट्ट धरण्याचे काम मुख्यतः गोंद करतो. गोंद वाळेपर्यंत फळ्या जागच्या जागी ठेवणे एवढेच स्क्रूचे काम. बाहेर ओघळलेला गोंद ओल्या फडक्याने पुसावा. आतल्या बाजूने मात्र प्रत्येक सांध्यावर बोटाने गोंदाची दुसरी रेघ ओढावी. पेटी चोवीस तास वाळू द्यावी.

तारा आत नेण्यासाठी बाजारात मिळणारी अग्रांची वाटी बसवावी व तिच्याभोवती सिलिकोन भरावे. सिलिकोन वाळताना निघणारी आम्लयुक्त वाफ ध्वनिवर्धकाच्या धातूला बाधते. तेव्हा ते पूर्ण वाळल्यावरच सबवूफर बसवावा. त्याच्या कडेखाली फोमची पट्टी असावी आणि स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळावेत.

गळतीची परीक्षा

सजावटीला हात लावण्यापूर्वी ही परीक्षा घेणे अत्यावश्यक आहे. दोन्ही हातांच्या बोटांनी शंकू सर्व बाजूंनी सारखा, अलगद आत दाबावा व सोडावा. पेटी घट्ट असेल, तर तो सावकाश परत येतो. झटकन परत आला, तर हवा कोठून तरी निसटत आहे असे समजावे. जागा शोधण्यासाठी ३० हर्ट्झच्या आसपासचा स्वर मंद आवाजात लावून पेटवलेली उदबत्ती सांध्यांजवळून फिरवावी. गळतीच्या ठिकाणी धुराची रेघ थरथरते.

फट राहिली तर काय होते? पहिली खूण म्हणजे फुसफुस. दुसरी हानी अधिक गंभीर असते. हवेची स्प्रिंग ढिली पडते, शंकू मर्यादेबाहेर जातो आणि वेटोळे चुंबकाच्या तळावर आपटते. असे काही वेळा घडले की महागडा सबवूफर निकामी होतो. कापड चिकटविल्यावर ही फट सापडणेही कठीण आणि भरणेही कठीण.

शेवटचा हात

परीक्षेनंतर सबवूफर काढून ठेवावा. स्क्रूंचे खळगे व सांध्यांतील खाचा रंगारी ज्याला लांबी म्हणतात त्या भरावाने बुजवाव्यात आणि वाळल्यावर ८०, १२० व १८० क्रमांकाच्या पॉलिशपेपरने क्रमाने घासावे. कडा किंचित गोलावाव्यात. तीक्ष्ण कडेवर कापड लवकर झिजते. एमडीएफच्या कडांना सीलरचे दोन हात द्यावेत.

मोटारीसाठी पातळ कार्पेट हे सर्वांत सोयीचे आवरण होय. ते ओरखडे लपविते व डिकीतील सामानाशी घासून खराब होत नाही. कापड पेटीभोवती एका लांब पट्ट्याने गुंडाळावे आणि जोड मागे येईल असे पाहावे. रबरी सोल्यूशन कापडाला व लाकडाला दोन्हीकडे पातळ लावून, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे आणि मग मध्यापासून कडेकडे दाबत जावे. जोडाच्या ठिकाणी दोन्ही टोके एकमेकांवर चढवून धारदार पात्याने एकाच वेळी कापली, तर रेघ जवळजवळ दिसत नाही. सोल्यूशनची वाफ ज्वलनशील व डोके जड करणारी असते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास विस्तव नसावा. ज्यांना रंग हवा त्यांनी अस्तराचे दोन-तीन हात देऊन, प्रत्येक हातानंतर घासावे; लाकडाचा प्रत्येक दोष चकचकीत रंगात अधिक उठून दिसतो.

गाडीत बसविताना

तयार पेटी सबवूफरसह सुमारे १५ किलो भरते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी टक्कर होऊन साठ सेंटिमीटर अंतरात थांबली, तर मोकळी पेटी पुढच्या आसनावर सुमारे अडीचशे किलो वजनाच्या जोराने आदळू शकते. म्हणून ती एल-आकाराच्या लोखंडी पट्ट्यांनी व नटबोल्टांनी गाडीच्या सांगाड्याला जखडावी. भोक पाडण्यापूर्वी खालून पेट्रोलची टाकी, इंधननळ्या व ब्रेकच्या नळ्या कोठून जातात ते प्रत्यक्ष पाहावे. डिकीत सीएनजीची टाकी असल्यास पेटी तेथे बसवूच नये. ध्वनिप्रवर्धकाला बॅटरीकडून येणाऱ्या जाड तारेवर, बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत, योग्य क्षमतेचा फ्यूज असावा. अन्यथा तार पत्र्याला घासून उघडी पडली, तर आग लागण्यास तेवढे कारण पुरे होते.

आवाजाच्या मर्यादेचाही विचार कर्तव्य आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार भारतात निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरविण्यात आली आहे. खर्ज पत्रा व भिंती सहज भेदून जातो, हे चालकाला आत बसून जाणवत नाही; शेजाऱ्याला जाणवते. शिवाय आवाज फार वाढविल्यास रुग्णवाहिकेचा भोंगाही ऐकू येत नाही.

नीट बांधलेल्या पेटीला फार मोठ्या आवाजाची गरजही नसते. घनफळ बरोबर असेल, फळी ताठ असेल आणि सांधे घट्ट असतील, तर मंद आवाजातही डग्ग्याची घुमक व तंबोऱ्याचा खर्ज आपापल्या जागी उमटतात. यांपैकी एकही गोष्ट बिघडली असता आवाज वाढवून ती दुरुस्त होत नाही आणि कापडाखाली झाकूनही टाकता येत नाही.