वेगाचे मोल

पक्ष्याप्रमाणे आकाशात विहार करावा, ही मानवाची फार जुनी आकांक्षा. राइट बंधूंनी १९०३ साली ती सफळ केली. पुढे विमानांचा वेग वाढतच गेला. २२ डिसेंबर १९६४ रोजी अमेरिकेत ‘एसआर-७१’ या लष्करी विमानाने पहिले उड्डाण केले. सुमारे २५ किलोमीटर उंचीवरून, ध्वनीच्या तिप्पट वेगाने जात परप्रदेशाची छायाचित्रे घेणे, हे त्याचे कार्य. त्याच्या रचनाकारांचे प्रमुख होते क्लॅरेन्स जॉन्सन.

असा वेग केवळ बलवान यंत्रे बसवून साधत नाही. वेगवान विमानापुढील हवा दाबली जाऊन अतिशय तापते. त्यामुळे या विमानाच्या पृष्ठभागाचे तापमान २५० अंश सेल्सिअसच्याही वर जाई. एवढ्या उष्णतेत ॲल्युमिनियमचे बळ टिकत नाही. म्हणून विमानाचा बहुतेक सांगाडा टायटॅनियमचा केला. हा धातू बळकट खरा. परंतु तो महाग आणि घडविण्यास अवघड!

बैलगाडीच्या चाकावर धाव चढविताना लोहार ती आधी तापवितो, हे तुम्ही पाहिले किंवा ऐकले असेल. तापलेला धातू प्रसरण पावतो. हे विमानही उड्डाणात प्रसरण पावे व उतरल्यावर आकुंचन पावे. असे वारंवार घडल्याने टाक्यांचे सांधे बुजविणारा लेप टिकत नसे आणि उभ्या विमानातून इंधन ठिबकत राही. सुदैवाने, उष्णतेचा विचार करून त्यासाठी सहजासहजी पेट न घेणारे खास इंधन तयार केलेले होते.

शिवाय, धावणाऱ्या मुलाला एकाएकी वळता येत नाही, तशीच या विमानाची गत होती. पूर्ण वेगात वळण्यास त्याला शंभराहून अधिक किलोमीटर रुंदीचा प्रदेश लागे. त्यावर शस्त्रेही नव्हती. वेग हेच त्याचे रक्षण.

ते रक्षण कितपत पुरले? अशी एकूण ३२ विमाने बांधली गेली. शत्रूला त्यांपैकी एकही पाडता आले नाही. तथापि १२ विमाने अपघातांत नष्ट झाली. पुढे त्यांचा प्रचंड खर्चही डोईजड झाला आणि १९९९ नंतर हे विमान उडाले नाही.

एक गुण वाढविला की दुसऱ्याला मुरड घालावी लागते. काय मिळवायचे आणि त्यासाठी काय सोडायचे, याचा विवेक करणे हेच रचनाकाराचे खरे कौशल्य होय.

अभ्यास
१. या विमानासाठी टायटॅनियम का वापरले?
२. बैलगाडीची धाव व हे विमान यांत कोणते साम्य आहे?
३. ‘वेग हेच त्याचे रक्षण’ हे कितपत खरे ठरले? सकारण लिहा.