अडखळणं कमी झालं, पण मूल मोकळं झालं का?



माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. वडील तारापूर एमआयडीसीत कामाला. हजेरीला तो ‘हजर’ म्हणायचा नाही, नुसता हात वर करायचा. मला वाटलं, लाजाळू आहे. नंतर लक्षात आलं, ‘ह’वर तो अडतो. ‘हिरवा’ऐवजी ‘पानासारखा रंग’ म्हणायचा. पण स्वतःच्या नावाला दुसरा शब्द कुठून आणणार? म्हणून अनेकांना नाव सांगणंच सगळ्यात जड जातं.

साधारण २ ते ५ वर्षांच्या वयात काही मुलं अडखळतात. बहुतेकांचं ते आपोआप थांबतं. मोठेपणी शंभरात साधारण एकाचं टिकतं, पुरुषांत जास्त. बुद्धीशी याचा काही संबंध नाही. आपल्या पालघर भागात घरी वारली, मांगेली किंवा हिंदी बोलणारं मूल प्रमाण मराठीतला शब्द शोधताना थांबतं, तो तोतरेपणा नव्हे.

वाचा-उपचारानंतर या मुलाचं बोलणं बरंच सुधारलं. पण नाती मात्र जुनीच राहिली. त्याच्या वतीने बोलणारा बाकावरचा मित्र रुसला, त्याची गरजच संपली ना! आई सवयीने त्याचं वाक्य पूर्ण करायची, आता तो चिडायचा. आणि मी? “शाब्बास, आज अजिबात अडखळला नाहीस!” म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या. पुढच्याच परिपाठात तो अडखळला आणि आठवडाभर गप्प झाला. चूक माझी होती. न अडखळलास तरच तू चांगला, असंच मी त्याला शिकवलं होतं.

स्वतः तोतरे असलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान तोतरेपणाला हिमनग म्हणत. ऐकू येतं ते वरचं टोक. लाज, भीती, टाळाटाळ पाण्याखाली. टोक वितळलं तरी खालचा भाग लगेच जात नाही.

म्हणून एवढं करूया:

१. ‘कसं बोलला’ यापेक्षा ‘काय बोलला’ याला दाद द्या.
२. वाक्य पूर्ण करू नका. ‘हळू बोल, श्वास घे’ असं सुचवू नका. थांबा, ऐका.
३. अडखळणं परत आलं तर ‘पुन्हा सुरू झालं’ म्हणू नका. चढउतार होतच असतात.
४. कुणी ‘तोतऱ्या’ म्हणून चिडवलं तर तिथेच थांबवा.
५. गरज वाटल्यास तज्ज्ञांकडे न्या. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. बोईसरहून पश्चिम रेल्वेनेच जाता येतं.

२२ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय तोतरेपणा जागृती दिन. त्या दिवशी परिपाठात यावर दोन मिनिटं जरूर बोला.

तो मुलगा आता “ह-ह-हजर, बाई” म्हणतो. कधी सरळ, कधी अडखळत. पण हात वर करून गप्प बसत नाही.