पडद्यावरील निर्वासित

चित्रपट पाहताना आपले लक्ष नायक-नायिकांवर खिळलेले असते. त्यांच्या मागून कोणी टोपली घेऊन बाजारातून जातो, कोणी उपाहारगृहात बसून पेला ओठांशी नेतो, कोणी दरबारात भालदार होऊन उभा राहतो. यांचे चेहरे आपल्या ध्यानात राहत नाहीत. चित्रपटाच्या धंद्यात या मंडळींना ‘एक्स्ट्रा’ म्हणतात. त्यांच्या तोंडी वाक्य नसते व नामावलीत त्यांचे नाव नसते. सांगितले तेथे उभे राहावे, सांगितले तसे चालावे आणि दिवस संपला की मजुरी घेऊन घरी जावे, असे हे काम आहे.

परमुलखात येऊन पडलेल्या माणसाला हे काम सोयीचे वाटते; कारण तेथील भाषा येत नसली तरी गर्दीत उभे राहता येते. अमेरिकेतील हॉलिवूड या चित्रनगरीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशी कितीतरी माणसे आली. रशियात 1917 साली क्रांती झाली आणि झारच्या सैन्यातील अधिकारी व सरदार घराण्यांतील माणसे देशोधडीला लागली. त्यांपैकी काहीजण हॉलिवूडला पोहोचले. पूर्वी एक्स्ट्रांना कामासाठी एका स्टुडिओच्या दारातून दुसऱ्याच्या दारात हिंडावे लागे आणि मिळालेल्या मजुरीतून दलालाचा वाटा द्यावा लागे. ही पिळवणूक थांबावी म्हणून 1925 साली ‘सेंट्रल कास्टिंग’ ही संस्था निघाली. तरीही नोंदलेली नावे हजारो आणि कामे थोडी, अशीच स्थिती राहिली. ज्याच्यापाशी स्वतःचा उंची पोशाख असे, त्याला मेजवानीच्या प्रसंगांसाठी अधिक मजुरी मिळे. गतवैभवाची खूण म्हणून जपलेला पोशाख अशा वेळी पोटासाठी उपयोगी पडे.

या जीवनावरच 1928 साली ‘द लास्ट कमांड’ हा मूकपट निघाला. त्याचे दिग्दर्शक जोसेफ फॉन स्टर्नबर्ग हे स्वतः व्हिएन्नात जन्मलेले होते. झारचा एक सेनापती हॉलिवूडमध्ये साडेसात डॉलर रोजावर एक्स्ट्रा होतो आणि त्याला सेनापतीचेच सोंग घ्यावे लागते, अशी त्याची कथा आहे. सेनापतीची भूमिका एमिल यानिंग्स यांनी केली. या व आणखी एका चित्रपटातील अभिनयाबद्दल त्यांना 1929 साली उत्कृष्ट अभिनेत्याचे पहिले ऑस्कर पारितोषिक मिळाले.

पुढे जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि युरोपातून निर्वासितांची नवी लाट उसळली. मार्सेल दालियो हे फ्रान्समधील नामांकित नट होते. ज्याँ रेन्वार यांच्या 1937 व 1939 मधील दोन गाजलेल्या चित्रपटांत त्यांच्या मोठ्या भूमिका होत्या. ते ज्यू होते. जून 1940 मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले, तेव्हा त्यांनी आपली पत्नी मादलेन लबो हिच्यासह देश सोडला. मागे राहिलेल्या पॅरिसमध्ये जर्मनांनी त्यांचा चेहरा ज्यूद्वेष पसरवणाऱ्या भित्तिपत्रकांवर छापला. 1942 सालच्या ‘कॅसाब्लांका’ या हॉलिवूडच्या चित्रपटात हेच दालियो जुगाराच्या टेबलावरील एका नोकराच्या लहानशा भूमिकेत दिसतात. नामावलीत त्यांचे नावही नाही.

‘कॅसाब्लांका’ची कथा मोरोक्कोतील त्या शहरात अडकून पडलेल्या निर्वासितांची आहे. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ हे मूळचे हंगेरीचे. नामावलीतील कलावंतांपैकी अमेरिकेत जन्मलेले फक्त तिघे होते. दुष्ट जर्मन अधिकाऱ्याची भूमिका करणारे कॉनराड फाइट हे हिटलरच्या राजवटीमुळेच 1933 साली जर्मनी सोडून गेले होते. ज्या सत्तेने घरदार सोडायला लावले, तिचाच गणवेश अंगावर चढवणे त्यांच्या वाट्याला आले.

या चित्रपटात एक प्रसंग आहे. उपाहारगृहात जर्मन अधिकारी आपले गीत मोठ्याने गात असतात. तेव्हा एक देशभक्त वादकांना फ्रान्सचे राष्ट्रगीत वाजवण्यास सांगतो. सारे लोक उठून ते गाऊ लागतात आणि जर्मनांचा आवाज त्यात बुडून जातो. त्या वेळी फ्रान्स खरोखरच शत्रूच्या ताब्यात होता. द्वारपालाची भूमिका करणारे डॅन सेमूर यांनी पुढे सांगितले की, भोवतालच्या अनेकांच्या डोळ्यांत खरे अश्रू होते. ती सारी माणसे खरीखुरी निर्वासित होती, हे त्यांना त्या क्षणी उमगले.

एक्स्ट्राला कोणी त्याचा पूर्वेतिहास विचारत नाही. दुःख झाकू पाहणाऱ्या माणसाला यात विसावा मिळतो. पण ज्याने मोठे नाव कमावलेले असते, त्याला हाच अबोला बोचतो. त्या एका प्रसंगात मात्र दिग्दर्शकाला जे हवे होते, ते शिकवून येणारे नव्हते. गमावलेल्या देशाची आठवण त्या माणसांपाशी होती, आणि तिच्यामुळेच तो प्रसंग आजही प्रेक्षकांच्या अंतःकरणाला भिडतो. ‘एक्स्ट्रा’ या शब्दाचा अर्थ ‘जादा’ असा आहे. परंतु कोणत्याही गर्दीतील कोणताही माणूस जादा नसतो, हे आपण ध्यानात ठेवावे.

स्वाध्याय
1. परदेशात आलेल्या माणसांना एक्स्ट्राचे काम सोयीचे का वाटे?
2. ‘सेंट्रल कास्टिंग’ ही संस्था कशासाठी निघाली?
3. मार्सेल दालियो यांच्या जीवनातील पालट आपल्या शब्दांत सांगा.
4. ‘देशोधडीला लागणे’, ‘अंतःकरणाला भिडणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.