घाव बसलेल्या मनापाशी कसे बसावे

दुसऱ्याच्या दुःखाविषयी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. दया, करुणा, कृपा, कळवळा, कितीतरी आहेत. त्यांतला ‘अनुकंपा’ हा शब्द विशेष विचार करण्यासारखा आहे. ‘अनु’ म्हणजे मागोमाग आणि ‘कंप’ म्हणजे थरथरणे. समोरचा थरथरला की त्याच्या मागोमाग आपणही थरथरणे, ही अनुकंपा. यात वरून खाली पाहणे नाही. हल्ली हा शब्द ‘अनुकंपा तत्त्वावर नोकरी’ एवढ्यापुरताच कानावर येतो, असो.

हा विषय काढण्यास कारण आहे. आमच्या मुळशी तालुक्यात उरवडे येथे ७ जून २०२१ रोजी एका रासायनिक कारखान्यास आग लागली. १७ कामगार गेले, त्यांत बहुतेक बायाच. देह इतके जळाले होते की ओळख पटेना. पुण्यास ससून रुग्णालयात नेऊन डीएनएची तपासणी करावी लागली. त्यात कोरोनाचे दिवस. सरकारी मदत जाहीर झाली, चौकशी लागली. ते व्हावयासच हवे होते. परंतु ज्या घरची बाई कामावर गेली ती परत आलीच नाही, आणि जिचे तोंडही शेवटचे नीट पाहता आले नाही, त्या घरच्या माणसांच्या मनाचे पुढे काय होते, इकडे गावाचे लक्ष किती दिवस राहते?

अशा प्रसंगी मनाला जो घाव बसतो तो नुसता शोक नव्हे. शोकात गेलेल्याची आठवण येते. आघातात तो प्रसंगच पुन्हा येतो. धुराचा वास आला की छाती धडधडते, रात्री दचकून जाग येते, त्या रस्त्याने जाणे नको वाटते, जेवता जेवता माणूस भलतीकडेच बघत राहतो. अमेरिकेतील मनोवैद्यांनी १९८० साली आपल्या ग्रंथात या विकारास स्वतंत्र नाव दिले. असे महिना उलटून गेला तरी चालूच राहिले, तर ते ‘मनाचे खेळ’ म्हणून सोडून देऊ नये. बहुतेक माणसे आप्तांच्या आधाराने हळूहळू सावरतात, हेही तितकेच खरे. मात्र तो आधार कसा असावा, येथेच आपण चुकतो.

आता बघा, आपल्या भागात दहाव्याला नदीकाठी प्रवचन ठेवण्याची रीत आहे. महाराज येतात, माणसे उन्हातान्हात बसतात, आणि महाराज सांगू लागतात की प्रारब्ध कुणाला चुकले नाही, देह नाशिवंत आहे, आत्मा जळत नाही. सिद्धांत म्हणून हे सगळे खरे आहे. पण दहा दिवसांपूर्वी ज्याची बायको जळून गेली त्याला ‘आत्मा जळत नाही’ म्हणून सांगायचे, हे ज्ञान की निष्ठुरपणा? त्यातून ‘ज्याचे त्याचे कर्म’ असा शब्द निघाला, की पोरांच्या मनात येते, आमच्या आईने असे काय पाप केले होते? घावावर मीठ म्हणतात ते हेच. कर्मसिद्धांत हा स्वतःच्या आचरणास लावावयाचा आहे, दुसऱ्याच्या चितेला नव्हे.

कोणी म्हणेल, मग गीता सांगायचीच नाही काय? सांगावी, पण भगवंतांनी ती कशी सांगितली तेही पाहावे. पहिल्या अध्यायात अर्जुनाचे अंग कापते, धनुष्य गळते, तोंड कोरडे पडते, आणि तो बोलत सुटतो. तेवढा वेळ देव ऐकतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते त्याला फटकारतात हे खरे. पण त्या फटकाऱ्याने अर्जुन उठला काय? नाही. तो पुन्हा बोलला, आपण होऊन शिष्य म्हणवून शरण आला, ‘लढणार नाही’ म्हणून गप्प झाला, आणि मग उपदेशास आरंभ झाला. जो विचारतो त्याला सांगावे. न विचारणाऱ्या दुःखिताला सांगणे म्हणजे आपली विद्या मिरवणे.

गंमत अशी की या कामाला आज ‘समुपदेशन’ म्हणतात. शब्दात उपदेश आहे, कामात मात्र तो जवळजवळ नाही. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली एका निबंधात असे मांडले की, समोरच्याचे मन आतून जाणणे, त्याला अटी न घालता आपला मानणे आणि स्वतः खोटेपणा न करणे, यांनीच माणसात पालट होतो. पुढे पुष्कळ वाद झाले. पण ऐकणाऱ्याच्या कळवळ्यावाचून नुसत्या युक्तीने काम होते, असे आज कोणी जाणता म्हणत नाही.

बोलू द्यावे, म्हणजे बोलायला लावावे काय? येथे फार जपावे लागते. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त तिसऱ्या अंकाच्या आरंभी रामाच्या दुःखाला पुटपाकाची उपमा दिली आहे. वैद्य औषध मातीने लिंपून भट्टीत घालतात. बाहेर काही दिसत नाही, आत कढत असते. पुढे त्याच अंकात राम पंचवटीत विलाप करतो, तेव्हा तमसा म्हणते की तळे तुडुंब भरले की पाण्याला वाट करून देणे हाच उपाय. शोकातही मन टिकते ते विलापानेच. आम्हा मुळशीकरांना हे वेगळे समजवायला नको. ज्या धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, ते धरण आमच्या उशाला आहे. श्रावणात सांडव्यातून पाणी सोडले नाही तर काय होईल हे पोरही सांगेल. पण सांडवा वेगळा आणि फुटणे वेगळे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, तेव्हाही पाण्याला वाटच मिळाली होती! खोदून खोदून ‘काय पाहिलेस, कसे झाले’ विचारणारे शेजारी आणि तोंडासमोर यंत्र धरणारे बातमीदार पानशेतच करतात. आघातानंतर लगेच माणसाला बसवून सगळे वदवून घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचेही सांगणे आहे. ज्युडिथ हर्मन या विदुषीने १९९२ च्या आपल्या ग्रंथात क्रम दिला आहे तो असा: आधी निर्धास्तपणा, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणे. पहिली पायरी झाल्याशिवाय दुसरीवर ओढू नये.

श्रीज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांतील ‘दया’ उलगडताना माउलींनी दोन दृष्टांत दिले आहेत. पाणी वाहताना वाटेत खळगा लागला तर तो भरल्यावाचून पुढे जात नाही. आणि काटा पायात रुततो पण व्यथा जिवाला उमटते. पहिल्यात धीर आहे. खळगा किती खोल ते पाणी विचारत नाही, घाई करीत नाही. दुसऱ्यात अनुकंपा आहे, पण तेथे आणखीही एक गोष्ट दिसते. पायात काटा रुतला की हात खाली जातो आणि काटा काढतो. हात पायासारखा रक्ताळून बसत नाही. दुःखिताचे रोज ऐकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. ऐकून ऐकून ऐकणाराही भाजतो. चार्ल्स फिगले याने १९९५ साली या ‘करुणेच्या थकव्या’वर ग्रंथच केला. परिचारिका, पोलीस, अंत्यविधी करणारे आणि आम्ही कीर्तनकार, सगळ्यांनाच हा धोका आहे. अशाने अधूनमधून स्वतःचे मन दुसऱ्यापाशी मोकळे करावे.

सर्वांत अवघड दुःख वाचलेल्याचे. ‘मी त्या दिवशी रजा घेतली’, ‘मीच तिला त्या कामावर लावले’ असे म्हणत माणूस स्वतःलाच कोरत राहतो. त्याला साऱ्या जगाची दया येईल, स्वतःची येत नाही. पॉल गिल्बर्ट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने अशा स्वतःला दोष देणाऱ्यांसाठीच करुणेवर आधारलेली उपचारपद्धती बसवली. तीत रोग्याला स्वतःशी कनवाळूपणे बोलावयास शिकवतात. ‘तुझी काही चूक नाही’ असे दहा जणांनी दहादा सांगून हे होत नाही. कोणी तरी त्याचे म्हणणे पुरते ऐकून घेतले, आणि ऐकूनही उठून गेला नाही, म्हणजे मग त्याला स्वतःजवळ बसवते.

कळवळ्याने सगळे होते, असेही मात्र समजू नये. झोप अजिबात नाही, जेवण तुटले, जीव द्यावासा वाटतो, दारूवाचून चालत नाही, असे दिसले की भजनाला बसवून भागत नाही, मनोवैद्याकडेच न्यावे. सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ सुरू केले आहे. १४४१६ या क्रमांकावर फुकट आणि मराठीतही बोलता येते. नंबर चिठ्ठीवर लिहून नुसता हातात देऊ नये. पहिल्यांदा आपणच लावून द्यावा आणि तो बोलेपर्यंत बाहेर ओट्यावर बसावे.

आणि दहाव्याच्या प्रवचनाविषयी आमचे म्हणणे असे की ते अर्ध्या तासात आटपावे. का मेली, कशाने मेली, हे सांगू नये. ती कशी होती, कुणाला काय करून घालायची, ओवी म्हणायची का, हे घरच्यांना आधी विचारून घ्यावे आणि तेवढेच बोलावे. नाव नीट घ्यावे. दहाव्याला सारा गाव येतो, वर्षश्राद्धालाही येतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, पाऊस लागलेला असतो, त्या घरी कोणी जात नाही. तेव्हा जावे, चहा घ्यावा, आणि तो गप्प बसला तर आपणही गप्प बसावे.