पणजोबा परत आले होते!

पैसे घेऊन पूर्वजांची लष्करी माहिती काढून देणारे एक गृहस्थ आहेत. नाव घेत नाही. त्यांनी पाठवलेल्या जाड, सोनेरी कडेच्या फाइलीत लिहिलं होतं की आमचे पणजोबा सखाराम पहिल्या महायुद्धात 110व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, मेसोपोटेमियातल्या कूतच्या वेढ्यात सापडले आणि 1916 साली तुर्कांच्या कैदेत वारले. वाचता वाचता चुलतभावाचा गळा दाटून आला. मी म्हटलं, दादा, मग 1921 साली आजोबा झाले कसे?

गृहस्थांना फोन लावला. "ताई, तेव्हा जन्मतारखा कोण लिहून ठेवायचं? शाळेत घालताना मास्तर लावतील ती तारीख." बरं, मास्तरांनी वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे केली असतील, पण पाच? मग सूर बदलला. "नाव तर तेच आहे ना? आणि शहीद म्हटलं की घराण्याचा मान वाढतो, तुम्हाला नको का?" माझ्या डोक्यात तिडीक गेली ती इथे. पणजोबा परत आले, शेती केली, म्हातारे होऊन गेले, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ऐकून कोण घेतंय!

'लंडनहून मिळवलेला दस्तऐवज' म्हणून लावलेलं पान कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरचं होतं. ते कुणालाही फुकट बघता येतं. मुख्य म्हणजे त्या यादीत पहिल्या महायुद्धातले फक्त मृतच आहेत, 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 या काळातले. जिवंत परतलेला माणूस तिथे शोधलात तर सापडेल तो दुसराच कुणीतरी. आमच्या बाबतीत तेच झालं. नोंदीतल्या सखारामाचं गाव भलत्याच तालुक्यातलं निघालं. नोंदीत पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका असतो. नावापेक्षा गाव आधी बघा. इंग्रजी स्पेलिंग तर कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. एकच आडनाव चार तऱ्हांनी टाइप करून पाहा.

खरा पुरावा आत्याकडे होता. पणजोबांचं चांदीचं युद्धपदक दर दसऱ्याला पूजेत मांडायचं, आणि त्याआधी रांगोळीने घासून लख्ख करायचं! या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. आमच्या पदकावरचे नंबराचे मधले आकडे घासून गेलेत. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला तेव्हा पलटण मात्र स्वच्छ दिसली: 114 मराठा. म्हणजे 110वी नाहीच. ही पलटणही मेसोपोटेमियातच होती, पण कूतला नव्हे. 1918च्या ऑक्टोबरात शरकातला लढली. घरात पदक असेल तर घासू नका, सोनाराकडे तर नेऊच नका, आधी कडेचे फोटो काढा.

पलटणीचा नंबर कळला की पुढचं सोपं. 1922च्या फेररचनेत जुने नंबर गेले. 110वी ही पाचव्या मराठाची तिसरी बटालियन झाली, 114वी दहावी. बेळगावच्या मराठा सेंटरला पत्र लिहिताना दोन्ही नंबर द्या. पलटणींच्या युद्धकाळातल्या रोजनिशा लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. तिथे शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण पलटण कोणत्या दिवशी कुठे होती ते कळतं. साध्या शिपायाची 'संपूर्ण सर्व्हिस फाइल' तिकडून आणून देतो असं कुणी म्हणालं तर पाकीट खिशातच ठेवा. इंडियन आर्मीच्या ज्या वैयक्तिक फायली तिकडे आहेत त्या मुख्यतः अधिकाऱ्यांच्या.

पैसे परत मागितले तर गृहस्थ म्हणाले, "संशोधनाचे पैसे परत नसतात." दादाने मात्र जत्रेच्या फ्लेक्सवर पणजोबांच्या फोटोखाली 'शहीद' छापून घेतलंय. काढ म्हटलं, तर वहिनी माझ्याशी बोलेनाशा झाल्यात.